खबर, खात्री आणि अमानत : सीरतमधील टेहळणीचा पाठ



सीरतचे ग्रंथ वाचताना आपले लक्ष सहसा रणांगणाकडे जाते. बद्रमध्ये कोण कोणासमोर उभे राहिले, उहुदच्या टेकडीवर काय घडले, खंदक कसा खोदला गेला, हे आपण घरातील मुलांनाही सांगतो. मात्र प्रत्येक रणांगणाच्या आधी एक-दोन माणसे शांतपणे मदीनेबाहेर पडलेली असत, आणि त्यांनी आणलेल्या माहितीवर पुढचे निर्णय उभे राहत. त्यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. या पाठात त्या माणसांची, त्यांना दिलेल्या आज्ञांची आणि त्यांच्यावर घातलेल्या मर्यादांची ओळख करून घेऊ. हा विषय इतिहासापुरता राहत नाही. बातमी कशी मिळवावी, कशी पारखावी, कोणाला सांगावी आणि कोठे गप्प राहावे, हा प्रश्न आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील मोबाइलने आपल्यासमोर आणून ठेवला आहे.

शब्दांची ओळख

हदीस व सीरतच्या ग्रंथांत टेहळणी करणाऱ्यासाठी ‘ऐन’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ डोळा. सैन्याच्या पुढे जाऊन वाट व शत्रू पाहून येणाऱ्या तुकडीला ‘तलीआ’ म्हणतात. तिसरा शब्द ‘जासूस’. तो ज्या धातूपासून बनला, त्याच धातूपासून ‘तजस्सुस’ हा शब्द बनला आहे. आणि तजस्सुस, म्हणजे लोकांचे झाकलेले दोष उकरून काढणे, हे कुरआनने स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे. मराठी बखरींत भेटणारा ‘जासूद’ हा याच शब्दाचा मराठी अवतार होय.

याउलट सूरह यूसुफच्या ८७ व्या आयतीत हजरत याकूब (अलै.) आपल्या मुलांना यूसुफ व त्यांच्या भावाचा शोध घ्यायला सांगतात, तेव्हा तेथे ‘तहस्सुस’ या धातूचे रूप आले आहे. एका अक्षराचा फरक आहे. अनेक विद्वानांनी त्यावरून असा भेद केला आहे की तहस्सुस हा भल्यासाठी घेतलेला शोध असतो, तर तजस्सुस हा बहुधा वाईटाचा माग असतो. हा भेद मनात धरून पुढे जाऊ.

हिजरत : चार माणसे, चार कामे

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) व हजरत अबू बकर (रजि.) मक्केतून निघाले आणि सौर पर्वताच्या गुहेत तीन रात्री राहिले. कुरैश त्यांच्या शोधात होते. या तीन दिवसांची व्यवस्था सहीह बुखारीत तपशिलाने आली आहे.

हजरत अबू बकर (रजि.) यांचे तरुण पुत्र अब्दुल्लाह दिवसभर मक्केत कुरैशांमध्ये वावरत. जे बेत शिजत ते लक्षात ठेवत आणि अंधार पडल्यावर गुहेत येऊन सांगत. पहाटेपूर्वी ते पुन्हा शहरात पोहोचत, जणू रात्र तेथेच गेली आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी मुक्त केलेले आमिर बिन फुहैरा (रजि.) शेळ्या-मेंढ्या तिकडे हाकत, दोघांना दूध मिळे, आणि सीरतकारांच्या सांगण्यानुसार कळपाच्या खुरांखाली अब्दुल्लाह यांच्या पाऊलखुणा पुसल्या जात. हजरत अस्मा (रजि.) यांनी शिदोरी बांधून दिली. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित यांना ठरवले होते. ते त्या वेळी मुस्लिम नव्हते. परंतु ते वाटांचे जाणकार होते आणि विश्वासाला पात्र होते. दोन उंटिणी त्यांच्या हवाली करून तीन रात्रींनी गुहेपाशी येण्यास सांगितले होते.

येथे विचार करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. अल्लाह आपल्यासोबत आहे असे प्रेषितांनी (स.) याच गुहेत आपल्या सोबत्याला सांगितले, आणि त्याच गुहेभोवती त्यांनी ही काटेकोर व्यवस्थाही उभी केली होती. तवक्कुल आणि तयारी एकाच ठिकाणी नांदत होती. दुसरी गोष्ट अशी की काम ज्याला जमते त्याला दिले गेले. तरुणाला तरुणाचे, गुराख्याला गुराख्याचे आणि वाटाड्याला वाटाड्याचे.

नख्ला : आज्ञेची सीमा

हिजरी सन २ च्या रजब महिन्यात अब्दुल्लाह बिन जहश (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली मुहाजिरांची एक छोटी तुकडी निघाली. नेत्याच्या हाती एक बंद पत्र होते आणि दोन दिवसांची वाट चालल्याशिवाय ते उघडू नये अशी ताकीद होती. पत्र उघडले तेव्हा आज्ञा कळली : मक्का व ताइफ यांच्या दरम्यान नख्ला येथे जावे, कुरैशांवर नजर ठेवावी आणि त्यांची खबर आणावी. कोणत्याही सोबत्यावर बळजबरी करू नये, असेही त्यात होते. त्यांनी सोबत्यांना तसे सांगितले. कोणीही परतले नाही.

पत्र बंद का ठेवले? मदीनेत कान पुष्कळ होते. तुकडी कोणत्या दिशेला जाणार हे तुकडीलाच ठाऊक नसेल, तर ते फुटणार कोठून?

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. नख्ला येथे कुरैशांचा एक लहान व्यापारी काफला आला. युद्धास मनाई असलेल्या रजबचा शेवट होत होता. थांबावे तर काफला हरमच्या हद्दीत शिरेल, हल्ला करावा तर पवित्र महिन्याचा भंग होईल. अखेर त्यांनी हल्ला केला. अम्र बिन हजरमी मारला गेला, दोन जण कैद झाले. तुकडी मदीनेत परतली तेव्हा प्रेषित (स.) प्रसन्न झाले नाहीत. पवित्र महिन्यात लढण्याची आज्ञा आपण दिलीच नव्हती, असे त्यांनी सांगितले आणि माल व कैदी यांना हात लावला नाही. कुरैशांना ओरड करण्यास निमित्त मिळाले. मग सूरह अल-बकराची २१७ वी आयत अवतरली. पवित्र महिन्यात लढणे ही गंभीर गोष्ट आहे हे तिने मान्य केले, आणि लोकांना अल्लाहच्या मार्गापासून व मस्जिदे हरामपासून रोखणे व तेथील रहिवाशांना हुसकावून लावणे ही त्याहून गंभीर गोष्ट आहे, हेही कुरैशांना सुनावले.

कुरैशांना उत्तर मिळाले. पण तुकडीची आज्ञा ‘पाहा आणि कळवा’ एवढीच होती, हे सत्य आपल्यापुरते शिल्लक राहते. टेहळणीला गेलेल्याने आपण होऊन लढाई सुरू केली, तर सगळा समाज त्याच्या निर्णयाला बांधला जातो.

बद्र : ऐकणे, मोजणे, ताडून पाहणे

बद्रच्या आधी तल्हा व सईद बिन जैद (रजि.) यांना काफल्याची खबर काढण्यास पाठवले होते. ते परतले तेव्हा लढाई होऊन गेली होती. तरीही प्रेषितांनी (स.) लढणाऱ्यांप्रमाणेच त्यांनाही वाटा दिला. खबर आणण्याचे काम रणांगणातील कामाच्या बरोबरीचे आहे, हे या एका निर्णयाने ठरले.

बसबस बिन अम्र व अदी बिन अबी जग्बा (रजि.) बद्रच्या पाण्यावर गेले. तेथे दोन मुली देण्या-घेण्यावरून बोलत होत्या. काफला उद्या-परवा येईल, त्यांचे काम करून तुझे देणे फेडीन, असे एक दुसरीला सांगत होती. आणि मज्दी बिन अम्र नावाच्या गृहस्थाने तिच्या बोलण्याला दुजोरा दिला. दोघांनी पखाली भरल्या आणि निघून आले. त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

पण त्याच पाण्यावर नंतर अबू सुफयान आले. ते त्या वेळी विरोधी बाजूचे, मात्र अत्यंत सावध गृहस्थ होते. दोन उंटस्वार येऊन गेल्याचे कळताच त्यांनी उंटांच्या लेंड्या फोडून पाहिल्या. आत खजुराच्या बिया सापडल्या. हा चारा यसरिबचा, हे त्यांनी ओळखले आणि काफला समुद्रकिनाऱ्याच्या वाटेने वळवला. एका बीने किती सांगितले! आपण घरातून, प्रवासातून, लग्नकार्यांतून जी छायाचित्रे जगासमोर टाकतो, त्यांत अशा किती बिया असतात याचा वाचकांनी अवश्य विचार करावा.

लढाईच्या आदल्या रात्री हजरत अली, जुबैर व साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना पाण्याकडे पाठवले गेले. त्यांनी कुरैशांच्या दोन पाणक्यांना पकडून आणले. प्रेषित (स.) नमाजमध्ये होते. सहाबांनी विचारपूस सुरू केली. पाणके म्हणाले की आम्ही कुरैशांच्या सैन्याचे आहोत. सहाबांना हे उत्तर नको होते. काफल्याची आशा होती. म्हणून त्यांनी मारहाण केली. मार चुकवण्यासाठी पाणक्यांनी आम्ही अबू सुफयानचे असे म्हटले की मार थांबे. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की हे खरे बोलले तेव्हा तुम्ही मारले आणि खोटे बोलले तेव्हा सोडले.

मग त्यांनी स्वतः शांतपणे विचारले : सैन्य किती आहे? पाणक्यांना संख्या सांगता येईना. रोज किती उंट कापले जातात? एके दिवशी नऊ, एके दिवशी दहा. तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले की ते नऊशे ते हजार आहेत. शंभर माणसांमागे एक उंट, असा हिशेब.

वाचकहो, या प्रसंगातील दोष आजही आपल्यात आहे. आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत आपण सत्याला झोडपतो आणि मनाजोगे असत्य मिळाले की समाधानाने थांबतो. मारझोडीने माहिती मिळत नाही, तिचा केवळ आभास मिळतो. योग्य प्रश्न आणि थोडे गणित यांनी जे साधले ते मुठीने साधले नव्हते.

उहुदनंतरही हीच पद्धत दिसते. कुरैश परतत असताना हजरत अली (रजि.) यांना त्यांच्या मागावर पाठवण्यात आल्याचे इब्ने इसहाक यांनी नोंदवले आहे. पाहायचे एवढेच होते : ते उंटांवर बसून घोडे नुसते सोबत नेत असतील तर मक्केला जात आहेत, घोड्यांवर स्वार असतील तर रोख मदीनेकडे आहे. काय शोधायचे हे आधी ठरलेले असल्याने पाहणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

खंदक : एक संकेत आणि एक रात्र

हिजरी सन ५ मध्ये मदीनेला वेढा पडला. त्यातच बनू कुरैझाने करार मोडल्याची वार्ता आली. प्रेषितांनी (स.) साद बिन मुआज व साद बिन उबादा (रजि.) यांना काही सोबत्यांसह खात्री करण्यास पाठवले. वार्ता खोटी असेल तर सर्वांसमोर मोठ्याने सांगावी. खरी असेल तर केवळ मलाच उमजेल अशा संकेताने कळवावी, लोकांचे धैर्य खचू देऊ नये, असे त्यांना बजावले होते. ते परतले आणि ‘अजल व कारा’ एवढेच बोलले. याच टोळ्यांनी पूर्वी रजी येथे मुस्लिमांशी दगाबाजी केली होती. दोन शब्दांत बातमी पोहोचली आणि बाजूला उभ्या असलेल्यांची झोप उडाली नाही.

येथे सूरह अन-निसाच्या ८३ व्या आयतीचा आशय आठवावा. शांततेची वा भीतीची बातमी हाती येताच ती पसरवणाऱ्यांना त्या आयतीत दोष दिला आहे, आणि ती प्रेषितांकडे व जबाबदार लोकांकडे नेली असती तर तिचा उलगडा करू शकणाऱ्यांना तथ्य कळले असते, असे सांगितले आहे.

वेढ्याच्या अखेरीस एक वादळी, कडाक्याच्या थंडीची रात्र आली. शत्रूच्या छावणीची खबर कोण आणील, असे प्रेषितांनी (स.) तीनदा विचारले. भूक, थंडी आणि भीती यांमुळे कोणी उठले नाही. मग त्यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांचे नाव घेतले. नाव घेतल्यावर उठणे भागच होते. आज्ञा स्पष्ट होती : खबर आणावी, त्यांना आपल्यावर चिथवू नये.

हुजैफा (रजि.) छावणीत शिरले. अबू सुफयान शेकोटीपाशी पाठ शेकत बसलेले दिसले. त्यांनी बाण धनुष्याला लावलाही. नेम चुकला नसता. तेवढ्यात आज्ञा आठवली आणि बाण उतरला. प्रत्येकाने शेजारी कोण आहे ते तपासावे, असे अबू सुफयान म्हणाले, तेव्हा हुजैफांनी (रजि.) आधी स्वतःच शेजाऱ्याचा हात धरून ‘तू कोण?’ असे विचारले, असे सीरतमध्ये आहे. छावणी उठत असल्याची खबर घेऊन ते परतले. काम होईपर्यंत अंगाला ऊब होती. काम संपताच थंडी भरली. प्रेषितांनी (स.) आपल्या अंगावरील चादरीचा भाग त्यांच्यावर पांघरला आणि ते सकाळपर्यंत झोपले.

नख्ला आणि खंदक हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात आज्ञेपुढे पाऊल पडले, दुसऱ्यात लावलेला बाण उतरला. तीन वर्षांत या समाजाचे जे शिक्षण झाले ते या उतरलेल्या बाणात दिसते.

हातिब : गुन्हा सापडल्यावरचा न्याय

हिजरी सन ८ मध्ये मक्केकडे कूच करण्याची तयारी गुप्त ठेवली होती. बद्रमध्ये लढलेले सहाबी हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांनी कुरैशांना पत्र लिहून ती कळवण्याचा प्रयत्न केला. प्रेषितांनी (स.) हजरत अली, जुबैर व मिकदाद (रजि.) यांना रौजा खाख येथे पाठवले, पत्र नेणाऱ्या स्त्रीच्या केसांत ते सापडले.

हजरत उमर (रजि.) यांनी देहदंडाची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) आधी हातिब यांनाच कारण विचारले. आपले नातलग मक्केत निराधार आहेत, कुरैशांवर उपकार असावा म्हणजे त्यांचे रक्षण होईल, श्रद्धा सोडलेली नाही, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) ते खरे मानले व बद्रची सेवा लक्षात घेऊन त्यांना क्षमा केली. सूरह अल-मुम्तहिनाच्या आरंभीच्या आयती मात्र या चुकीबद्दल कठोर इशारा देतात. पुरावा मिळाला तरी ऐकून घेण्याचा हक्क संपला नाही, आणि क्षमा झाली म्हणून चूक लहान ठरली नाही.

मग मनाई कशाची?

कोणी विचारील की टेहळणी जर सुन्नतमध्ये आहे, तर सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत तजस्सुसची मनाई कशी? वरील प्रसंगांतच उत्तर आहे. प्रत्येक ठिकाणी चार मर्यादा दिसतात. पाठवणारा समाजाचा जबाबदार प्रमुख आहे, कोणी खासगी माणूस नाही. नजर त्यांच्यावर आहे जे लढत आहेत वा चालून येत आहेत. हेतू लोकांचे रक्षण आहे. आणि माहिती केवळ त्या प्रमुखाकडेच जाते. आज हे काम देशाच्या शासनाचे, त्याच्या सेनेचे व पोलिसांचे आहे. तुमच्या-आमच्यापैकी कोणालाही ते स्वतःकडे घेण्याची मुभा नाही.

या मर्यादा सुटल्या की उरतो तो तजस्सुस. शेजाऱ्याच्या घरी कोण येते, अमुकाच्या सुनेचे माहेरी का जाणे होते, पत्नीच्या वा पतीच्या फोनमध्ये काय आहे, कोण नमाजला दिसले नाही, याची चौकशी करणारा स्वतःला समाजाचा पहारेकरी समजतो. कुरआन त्याला त्या दारातून मागे फिरवतो. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडे एकाला आणून, याच्या दाढीतून मद्य ठिबकते असे सांगण्यात आले. आम्हाला माग काढण्यास मनाई आहे, एखादी गोष्ट आपणहून उघड झाली तरच आम्ही तिची दखल घेऊ, असे त्यांनी उत्तर दिले. लोकांच्या उणिवांच्या मागे लागल्याने लोक सुधारत नाहीत, उलट बिघडतात, अशा आशयाची हदीसही अबू दाऊदमध्ये आहे.

या बाबतीत हजरत हुजैफा (रजि.) यांचेच उदाहरण पुरेसे आहे. मुनाफिकांची नावे प्रेषितांनी (स.) त्यांच्यापाशी विश्वासाने ठेवली होती. शत्रूच्या छावणीत शिरणारा हा माणूस आपल्याच शहरातील लोकांची गुपिते जाणत होता. हजरत उमर (रजि.) यांनीही त्यांच्याकडे, त्या नावांत माझे तर नाही ना, अशी विचारणा केल्याचे वर्णन आहे. तरीही ती नावे त्यांनी बाजारात आणली नाहीत. ज्याला खबर आणता येते त्याला ती पोटात ठेवताही आली पाहिजे.

आपल्या हातातील खबर

सूरह अल-हुजुरातची ६ वी आयत पारख करण्याची आज्ञा देते, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा करून पश्चात्ताप करावा लागेल, असे बजावते. अनेक भाष्यकारांनी तिची पार्श्वभूमी अशी दिली आहे की बनू मुस्तलिककडे जकातीसाठी पाठवलेला माणूस भीतीने वाटेतूनच परतला आणि ते जकात नाकारतात असे त्याने सांगितले. त्या एका वाक्यावर एका टोळीशी युद्ध होऊ शकले असते. सूरह अन-नम्लमध्ये हुदहुदने सबाची खात्रीची वार्ता आणली, तरीही हजरत सुलैमान (अलै.) यांनी ती खरी की खोटी हे पाहू, असे म्हटले आणि मगच पुढचे पाऊल उचलले.

गावात तणाव असताना रात्री अकरा वाजता एक संदेश येतो : अमुक ठिकाणी अमुक घडले, सर्वांना कळवा. तो पाठवणाऱ्याने पाहिलेले नसते, ज्याने त्याला पाठवले त्यानेही नसते. आपल्या एका बोटाच्या स्पर्शाने तो शंभर घरांत जातो. तेथे कोणी आजारी असते, कोणाचा तरुण मुलगा काठी उचलून बाहेर पडतो. ऐकलेले सारे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हा संदेश आपल्या लोकांच्या बाजूचा आहे, म्हणून तो खरा ठरत नाही. बद्रच्या पाणक्यांचा प्रसंग आठवावा.

म्हणून घरात पुढील नियम करावेत. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो कोण, हे कळल्याशिवाय संदेश पुढे पाठवू नये. धोक्याची खरी माहिती असेल तर ती गटांत न टाकता पोलिसांना वा जबाबदार व्यक्तींना द्यावी. खोटी ठरलेली वार्ता मात्र, दोघा सादांना सांगितले होते त्याप्रमाणे, सर्वांसमोर खोडून काढावी. दुसऱ्याच्या घराचे जे कानी पडले ते आपल्यापाशीच संपवावे. आणि मुलांना हुजैफांच्या (रजि.) उतरलेल्या बाणाची गोष्ट सांगावी, म्हणजे हातात साधन असूनही थांबणे ही शौर्याचीच एक जात आहे, हे त्यांना कळेल.

अल्लाह आपल्या कानांना पारख, जिभांना संयम आणि अंतःकरणांना एकमेकांविषयी चांगले अनुमान देवो. आमीन.